धरलेला ब्रेक आणि पिवळे पान

बैठकीच्या आवारात गाड्या येऊन उभ्या राहिल्या की त्यांतल्या एखादीच्या तरी चाकातून जळका वास येत असतो. मालकाला विचारावे तर उत्तर ठरलेले. "गाडी जरा जड चालतेय, गॅरेजला टाकायचीय." सवड मिळाली की गाडी गॅरेजला टाकली जाते. "ब्रेक धरतोय, बघा जरा," एवढे सांगून मालक बाजाराच्या कामाला निघून जातो. संध्याकाळी बिल हातात पडते. दोन्ही बाजूंचे डिस्क पॅड नवे, डिस्कला लेथवर पास, ब्रेक ऑइल, मजुरी. पैसे मोजून गाडी घरी येते आणि पंधरा दिवसांत तोच वास, त्याच चाकातून.

गॅरेजवाल्याने फसवले असे दर वेळी म्हणता येत नाही. त्याला सांगितले होते काय? ब्रेक धरतो. कोणत्या चाकाचा, गाडी थंड असताना की वीस किलोमीटर चालल्यावर, पेडल सोडल्यावर किती वेळाने सुटतो, यातले काही मालकाला ठाऊक नव्हते. मग मेस्त्री झिजलेली वस्तू बदलतो. पॅड झिजलेले होतेच. ते का झिजले हे पाहण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. वस्तू बदलण्याचे देतात.

शेतीत हा प्रकार आपल्या चांगलाच ओळखीचा आहे. पान पिवळे दिसले की दुकानदार युरियाची गोणी पुढे करतो. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली असतील तर नत्र कमी पडले, हे बरोबर. पण शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर पिकाला लोह मिळत नाही. चुनखडीच्या रानात हे हमखास दिसते. आणि सखल भागातले सगळे पीकच पिवळे पडून बसले असेल तर मुळाशी पाणी साचले आहे, चर काढल्याशिवाय त्याला उपाय नाही. दिसायला एकच पिवळेपण, कारणे तीन, औषधे तीन. युरियाने पहिले बरे होते, बाकी दोघांत पैसा मातीत जातो.

ब्रेक धरणे हेही असेच पिवळे पान आहे. त्यामागे पाच-सहा वेगवेगळी कारणे असतात, आणि त्यांतले नेमके कोणते हे शोधायला एक जॅक, दोन पाने, सोबतीला एक माणूस आणि सकाळचा तासभर पुरतो. दुरुस्ती घरी करायची की मेस्त्रीकडून, हा पुढचा प्रश्न. निदान मात्र मालकाने घरी करावे, असे माझे ठाम मत आहे. घरच्या काट्यावर वजन करून निघालेल्या शेतकऱ्याला बाजारात काटा मारणे अवघड जाते. गाडीच्या बाबतीतही तेच.

पैसा आणि घाट

आधी पैशाचा हिशेब. पिंपळगाव बसवंतहून वाशीच्या बाजाराला माल घेऊन जाणारी पिकअप धरा. जाऊन-येऊन चारशे किलोमीटर. गाडी लिटरला १४ किलोमीटर देत असेल तर साडेअठ्ठावीस लिटर डिझेल लागते. ब्रेक धरल्यामुळे समजा ती १२ वर आली, तर लागते सव्वातेहेतीस लिटर. एका खेपेला पावणेपाच लिटरचा फरक. महिन्याच्या दहा खेपा आणि नव्वद रुपयांचे डिझेल धरले तर सव्वाचार हजार रुपये नुसते चाक घासण्यात जातात. वर टायर, पॅड आणि बेअरिंगचे ग्रीस वितळून होणारे नुकसान वेगळे. दहा रुपयांनी महाग कीटकनाशकावरून दुकानात हुज्जत घालणारा आपला माणूस हा खर्च "गाडी जड चालतेय" या तीन शब्दांत सोडून देतो.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट घाटाची आहे. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत रस्ता सुमारे तीनशे मीटर खाली उतरतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तरी टोलचा हिशेब करणारा अजून जुना घाटच धरतो. अडीच टनांची भरलेली पिकअप तीनशे मीटर खाली येते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात वीस-बावीस लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. हंडाभर पाणी उकळवणारी ही आच काही इंजिन घेते, काही हवा घेते, उरलेली सगळी ब्रेकमध्ये शिरते. चारही चाके ती वाटून घेतात तोवर ठीक. ज्या गाडीचे एक चाक नाशिकपासूनच घासत आलेले आहे, ते घाटाच्या तोंडाशी येतानाच तापलेले असते.

आता ब्रेक ऑइलचा स्वभाव पाहा. नाव ऑइल असले तरी ते आपल्या ओळखीचे तेल नाही. ते हवेतली ओल शोषून घेते. डॉट ३ जातीचे नवे ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्या ऑइलची मर्यादा त्याच मानकात १४० अंशांवर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल थेट तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणजे जो ब्रेक सुटत नव्हता, तोच घाटात लागत नाही. रात्री दोन वाजता कोथिंबिरीच्या जुड्यांवर दोन माणसे झोपलेली असताना हे घडते तेव्हा पेपरात "ब्रेक निकामी झाल्याने" एवढीच ओळ येते.

कोणते चाक, केव्हा, किती

सुरुवात टायरच्या हवेपासून करावी. हवा कमी असली तरी गाडी जड चालते आणि एका बाजूला ओढते. ते सरळ झाल्यावर सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर चक्कर मारावी. रस्ता मोकळा निवडावा, म्हणजे ब्रेकला फारसा पाय लावावा लागणार नाही. थांबायचे असेल तेव्हा बरेच आधी ॲक्सिलरेटर सोडून, गिअर उतरवत गाडी मंद होऊ द्यावी. चाकाला दगड लावून खाली उतरावे आणि चारही रिमच्या जवळ हाताची मागची बाजू न्यावी. हात टेकवू नये, डिस्कला तर मुळीच नाही. डावे चाक उजव्याशी ताडून पाहायचे. जे वेगळे गरम लागेल ते आपले चाक. रिमवर पाण्याचे चार थेंब टाकून पाहिले तरी चालेल, मात्र तापलेल्या डिस्कवर तांब्याने पाणी ओतू नये. बीड आहे, तडकते.

मग जॅक. जागा कठीण आणि सपाट हवी. नांगरलेल्या कडेला किंवा ओल्या काळ्या मातीत जॅक कधी खचेल ते सांगता येत नाही. जे चाक उचलायचे त्याच्या कर्णावरच्या चाकाला पुढून-मागून ठोकळे लावावेत. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. गाडी उचलली की चासीखाली भक्कम स्टँड किंवा बाभळीचा रुंद ओंडका द्यावा. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक देऊ नयेत, ते सूचना न देता फुटतात. काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवावे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात-डोके घालणारा कोणी दिसला तर त्याला हाताला धरून बाहेर ओढा, तो आपला जिल्हाध्यक्ष असला तरी.

गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन चाक हाताने फिरवावे. डिस्कचे चाक थोडे खरखरते, हे ठीक आहे. पॅड डिस्कपासून केसभरच सुटतात. पण एका हाताने ते फिरले पाहिजे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे मागचे चाक शाफ्टच्या भारामुळे थोडे जड फिरते, त्याला ब्रेक समजू नये. चाक वर-खाली हलवल्यावर खडखडले किंवा फिरताना घरघरले तर बेअरिंग पाहावे. दोष तिथे असू शकतो.

आता या साऱ्या निदानाची किल्ली. सोबतच्या माणसाला आत बसवून ब्रेक दोन-तीनदा जोरात दाबायला आणि सोडायला सांगावे. सोडताच चाक फिरवून पाहावे. अडकले असेल तर कॅलिपरच्या मागच्या बाजूचे हवा काढायचे निपल पाव आटा सैल करावे. निपलवर आधी पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडावे. चेहरा बाजूला ठेवावा. ब्रेक ऑइल डोळ्यांना वाईट आणि रंग खाणारे. निपल उघडताच पिचकारी उडाली आणि चाक मोकळे झाले, तर आत दाब अडकला होता. पिचकारी उडाली नाही आणि चाक तसेच धरून राहिले, तर दाबाचा दोष नाही. लोखंड अडकले आहे. निपल घट्ट केल्याशिवाय पेडलला पाय लावू द्यायचा नाही, नाहीतर हवा आत शिरते.

एवढ्या एका परीक्षेने सहा कारणांची दोन गटांत विभागणी होते. पॅड बदलण्याची पावती यापुढे मुकाट्याने भरायची गरज नाही. दाब अडकत असेल तर नवे पॅडही तसेच जळणार.

पाय काढला, दाब आतच

दाब एकाच चाकात अडकत असेल तर त्या चाकाकडे जाणारा रबरी होज पाइप पाहावा. बाहेरून तो नवा दिसतो, आतून मात्र फुगून अरुंद झालेला असतो. पेडलचा जोर मोठा, म्हणून ऑइल आत ढकलले जाते. परत येताना मागे जोर नसतो, म्हणून ते येत नाही. एका दिशेने उघडणाऱ्या झडपेसारखे काम होते. दहा-वीस सेकंदांनी चाक हळूहळू सुटते, हे त्याचे लक्षण. होज बदलणे हे काही मोठ्या खर्चाचे काम नाही, तरी कॅलिपरचा नवा संच गळ्यात मारला जातो तो इथे.

पुढची दोन्ही किंवा चारही चाके धरत असतील तर शोध पेडलकडे न्यावा. लहान मोटारींत ब्रेकच्या नळ्या बहुधा कर्णावर जोडलेल्या असतात, पुढचे डावे आणि मागचे उजवे एका वाटेवर. अशी तिरकी जोडी गरम झाली तर मास्टर सिलिंडरच्या एका कप्प्यावर संशय घ्यावा. पेडलला हाताने दाबून पाहिल्यावर सुरुवातीला थोडी मोकळीक लागली पाहिजे. ती नसेल तर दांडा मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला कायम पुढे रेटून धरतो आणि ऑइल टाकीत परतण्याचे बारीक भोक उघडतच नाही. गाडी सकाळी ठीक निघते. चाके तापतात, ऑइल फुगते, परतीची वाट बंद, म्हणून ब्रेक आणखी आवळतो, त्याने चाके आणखी तापतात. "वीस किलोमीटरनंतर धरते, चहा पिऊन आलो की सुटते" ही तक्रार ज्यांची आहे त्यांनी आधी हे पाहावे. पेडलजवळचा ब्रेकलाइटचा स्विच नको तेवढा पुढे बसवला गेला असेल तरी पेडल पूर्ण वर येत नाही. बदलायचे काहीच नसते, एक नट फिरवायचा असतो.

सरकारने शेतकऱ्याच्या गाडीचा ब्रेक दाबून धरला आहे, हे वाक्य आपल्या प्रत्येक सभेत कोणी ना कोणी बोलतोच. माझी त्याला एक पुरवणी आहे. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी घातली गेली आणि ४ मे २०२४ ला उठवली गेली. पाय काढला. पण टनाला ५५० डॉलरचे किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क आतच राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि ते शून्य व्हायला १ एप्रिल २०२५ उजाडला. बंदी उठल्याचे पेढे मे महिन्यात वाटले गेले तेव्हा चाक मोकळे झालेले नव्हते. हा फुगलेला होज ओळखायला आपले कार्यकर्तेही चुकले. असो, गाडीकडे वळू.

चिखल, गंज आणि रॉकेल

निपल उघडूनही चाक सुटले नाही तर कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या पाहाव्यात. आपल्याकडे दोष बहुधा इथेच निघतो. पावसाळाभर शिवाररस्त्याचा चिखल, पिनांवरचे रबरी बूट फाटलेले, आत पाणी, मग गंज. पिन सरकली नाही की कॅलिपर परत येत नाही. ओळख सोपी आहे : आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून जाडी पाहावी. एक पातळ, एक जाड असेल तर काहीतरी सरकत नाही. पिना काढून गंज घासावा, ब्रेक क्लीनरने पुसाव्यात, बूट फाटले असतील तर बदलावेत. ग्रीस ब्रेकचेच लावावे, सिलिकोनचे. बेअरिंगचे नेहमीचे ग्रीस लावले तर बूट फुगतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच. दोन पिना सारख्या दिसल्या तरी कित्येक गाड्यांत एकीला रबराची टोपी असते, त्यांची अदलाबदल करू नये. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नये, तारेने बांधून ठेवावा. ड्रममधली आणि पॅडवरची भुकटी फुंकू नये, कॉम्प्रेसरची हवा मारू नये. लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी.

पिना मोकळ्या असतील तर उरतो पिस्टन. जुना पॅड आड धरून सी-क्लॅम्पने तो हळूहळू मागे दाबावा. निपल तेवढ्यापुरते सैल ठेवावे, म्हणजे गढूळ ऑइल वर मास्टर सिलिंडरकडे जात नाही. पिस्टनभोवती चौकोनी धारेची एक रबरी सील असते. ब्रेक दाबला की ती पिस्टनबरोबर थोडी पिळवटते आणि सोडला की मूळ जागी येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. डिस्क ब्रेक सुटतो तो एवढ्यावरच, त्याला स्प्रिंग नाही. सील जुनी, कडक झाली किंवा पिस्टनला गंज चढला की हे मागे ओढणे बंद. पिस्टन सरळ जोराने मागे जात नसेल तर तिथे थांबावे. त्यापुढचे काम मेस्त्रीचे. पण आता त्याला सांगायचे वाक्य वेगळे आहे : "डाव्या पुढच्या कॅलिपरचा पिस्टन अडकलाय, होज ठीक आहे, पिना मी साफ केल्यात." हे वाक्य ऐकल्यावर बिल कसे बदलते ते पाहा.

मागच्या ड्रमची गोष्ट लवकर संपते. हँडब्रेकची केबल गंजली की दांडा खाली येतो, ड्रमच्या मागची पट्टी येत नाही. केबल सैल करून चाक सुटले तर दोष केबलचा. नाहीतर ड्रम काढून परतीच्या स्प्रिंगा आणि नको तेवढा ताणलेला ॲडजस्टर पाहावा. पावसाळ्यात गाडी आठ-आठ दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत.

रॉकेलबद्दल मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण हे दुखणे आपले आपण आणतो. खेड्यात यंत्राचा कोणताही भाग उघडला की तो रॉकेल, डिझेल नाहीतर पेट्रोलने धुण्याची रीत आहे. इंजिनच्या भागांना ते चालते. ब्रेकच्या सील ज्या रबराच्या असतात ते रबर खनिज तेल पिऊन फुगते. फुगलेली सील पिस्टन सोडत नाही, मास्टर सिलिंडरमधले भोक झाकून टाकते, आणि चारही चाके आवळून बसतात. हाच अनर्थ ब्रेक ऑइलच्या टाकीत वाटेत मिळाले म्हणून इंजिन ऑइल ओतल्याने होतो. पावशेर तेलाने सगळे ब्रेक बाद. परीक्षा घरच्या घरी होते. टाकीच्या झाकणातली रबरी चकती फुगून वेडीवाकडी झाली आहे का ते पाहावे. टाकीतले थोडे ऑइल काचेच्या पेल्यात पाण्यावर टाकावे. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. तवंग तरंगला तर आत तेल गेले आहे. मग सगळ्या सील, सगळे होज बदलून नळ्या धुऊन घेण्याला पर्याय नाही, आणि तोवर गाडी रस्त्यावर काढू नये. भाग धुवायचे तर ब्रेक क्लीनरने किंवा ताज्या ब्रेक ऑइलने. वर्षभर अर्धे उघडे पडलेले डब्यातले ऑइलही वापरू नये, त्याने गोठ्याच्या हवेतली ओल कधीच पिऊन घेतलेली असते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे हा घाट उतरणाऱ्या गाडीचा किमान खर्च आहे. ट्रॅक्टरच्या तेलात बुडालेल्या ब्रेकचा हिशेब निराळा, तिथे कोणते तेल ते कंपनीच्या पुस्तकात पाहूनच ठरवावे.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहायचे. पिस्टन मागे ढकललेला असतो. पहिल्या दोन-तीन दाबांना पेडल तळाला जाते. हे विसरून गाडी मागे घेतली तर गोठ्याची भिंत जाते. पेडल मऊ लागले तर हवा राहिली आहे, ती काढल्याशिवाय अंगणाबाहेर जायचे नाही.

दुरुस्तीचा हक्क

कोणी म्हणेल, शेतकऱ्याने आता मेस्त्रीगिरीही करायची का? शेती करावी, गाडी जाणकाराने पाहावी. हे वाक्य ओळखीचे वाटते ना? शेतकऱ्याने पिकवावे, भाव जाणकारांनी ठरवावा, बियाणे कोणते लावावे ते समितीने ठरवावे, याच कुळातले ते आहे. तालुक्याच्या नाक्यावर टपरीत काम करणारा मेस्त्री आपला शत्रू नाही. तोही बिनभांडवलाचा, उधारीत अडकलेला माणूस आहे, आणि नेमके निदान घेऊन येणारे गिऱ्हाईक त्याला आवडते. त्याचा तासही वाचतो. माझा रोख आहे तो दुरुस्तीच बंद करू पाहणाऱ्या व्यवस्थेकडे.

कित्येक नव्या गाड्यांत हँडब्रेकचा दांडा गेला, बटण आले. मागच्या कॅलिपरवर छोटी मोटर बसली. त्या पिस्टनला सी-क्लॅम्प लावला तर आतली यंत्रणा मोडते. तो मागे घ्यायला गाडीला दुरुस्तीच्या अवस्थेत न्यावे लागते, आणि कित्येक गाड्यांत त्यासाठी संगणकाचे यंत्र लागते. यंत्र कोणाकडे, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे. पॅड बदलण्यासारखे काम तालुक्याच्या मेस्त्रीच्या हातातून असे जाते. नवे तंत्र नको, असे म्हणणारा मी नाही. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागणाऱ्या चळवळीत मी उगाच आलो नाही. पण तंत्र विकत घेतल्यावर त्याची किल्ली विकणाऱ्याच्याच खिशात राहत असेल तर ती खरेदी नाही, खंडाने घेतलेले रान आहे.

अमेरिकेतले शेतकरी यावर भांडले. स्वतःच्या ट्रॅक्टरचा दोष वाचायला विक्रेत्याच्या माणसाची वाट पाहायची आणि तोवर पीक रानात उभे, अशी त्यांची स्थिती होती. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. माहितीपुस्तके, अवजारे, सुटे भाग आणि संगणकाची साधने कंपनीने शेतकऱ्याला आणि स्वतंत्र मेस्त्रीला द्यायची. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली. तिच्या विषयांत शेतीची अवजारे आणि मोटारगाड्या दोन्ही आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये संकेतस्थळही निघाले. संकेतस्थळावर कंपन्या आपल्याला हवी तेवढी माहिती ठेवतात. ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्यांच्या दुरुस्तीची पुस्तके मराठीत, आणि दोष वाचणारे यंत्र रास्त दरात कोणत्याही मेस्त्रीला, ही मागणी जिल्हा बैठकीच्या ठरावांत कर्जमुक्तीच्या आणि विजेच्या ठरावांशेजारी यावी, असा माझा प्रस्ताव आहे. ठराव मांडणाऱ्याला आपल्या गाडीचे कोणते चाक गरम आहे ते ठाऊक असावे, एवढी अट मी घालीन.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीच्या दिवशी सकाळी नऊला, म्हणजे बैठकीच्या दोन तास आधी, आवारात गाड्या तपासायच्या आहेत. लांबून येणाऱ्यांनी शेवटचे काही किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरत यावे आणि उतरताच हँडब्रेक न ओढता चाकाला दगड लावावा. जॅक, दोन स्टँड आणि ब्रेक ऑइलचे बंद डबे जिल्हा कार्यालय आणील. तुम्ही आणायचे ते असे : आपल्या गाडीच्या चाकाचा पाना, लाकडाचे दोन ठोकळे, हातभर पारदर्शक नळी, रिकामी बाटली आणि फडकी. ज्या महिला बचत गटांकडे भाजीची गाडी आहे त्यांनी चालवणाऱ्यासोबत हिशेब ठेवणाऱ्या ताईंनाही आणावे. गेल्या तीन महिन्यांच्या डिझेलच्या पावत्या जवळ असल्या तर कोणत्या आठवड्यापासून गाडी जड झाली तेही काढता येईल.